अर्थाचा अनर्थ

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. मेसच्या काकांच्या व्हॅनवर २०२४ च्या डिसेंबरात आणि त्यापुढच्या जानेवारीत जे साडेसहा हजार रुपये खर्च झाले, त्यांतले अठराशे माझ्यामुळे गेले. कुणी माझ्यावर आरोप केलेला नाही. काकांनी तर नाहीच नाही. पण हिशोब मला माहीत आहे आणि तो एकदा सगळ्यांसमोर मांडल्याशिवाय त्यांच्या हातची पोळी माझ्या घशाखाली नीट उतरत नाही. म्हणून हा लेख.

हॉस्टेलच्या मंडळींना ती व्हॅन सांगायला नको. पहाटे पाचला मंडईत जाऊन भाजी आणि दूध आणणारी, १४० पोरांचा नाश्ता जिच्यावर अवलंबून आहे ती! दिवाळीच्या सुट्टीत काकांनी तिची क्लचप्लेट बदलून घेतली. सुट्टी संपून तीन आठवडे होतात न होतात तोच तिनं रंग दाखवायला सुरुवात केली. किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. कधी ‘घर्र... घर्र...’ करून गप्प. मग काका आमच्या विंगच्या खिडकीखाली उभे राहून हाक मारायचे, “पोरांनो, जरा हात लावा रे!” आणि आम्ही सात-आठ वीर डोळे चोळत खाली जायचो. दहा पावलं धक्का दिला की व्हॅन लगेच सुरू. त्या महिन्यात हॉस्टेलची तब्येत सुधारली ती मेसच्या जेवणानं नव्हे, या धक्क्यांनी.

काका आधी बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं तपासलं, बॅटरी खरोखरच उतरलेली निघाली. नवी बॅटरी घेतली, चार हजार सातशे रुपये. आठवडाभर व्हॅन झकास चालली. नवव्या दिवशी पुन्हा ‘टक्’!

इथे माझा प्रवेश झाला. मी तेव्हा तृतीय वर्ष, विद्युत. काकांनी कौतुकानं विचारलं, “तुम्ही इलेक्ट्रिकलवाले ना? बघा की जरा.” मी रूमवरून मल्टिमीटर आणला. (पहिल्या वर्षी घेतला होता, तोपर्यंत त्यानं फक्त मोबाइलच्या चार्जरची वायर तपासली होती.) बॅटरीवर १२.४ व्होल्ट. ठीक. मग मोठ्या ऐटीत मीटर कंटिन्यूइटीवर टाकला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाला. बीप! आकडा ०.३ ओहम. दोन्ही टोकं एकमेकांना लावली तरी ०.३ च. म्हणजे वजा जाता शून्य. मी निकाल जाहीर केला, “काका, बॅटरी चांगली आहे, अर्थ पण चांगला आहे. म्हणजे सेल्फच गेला असणार.”

काकांनी सेल्फ उतरवून भरून घेतला. अठराशे रुपये. व्हॅन दोन दिवस बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खिडकीखालून हाक आली. त्या दिवशी पेपर होता. नाश्ता पावणेनऊला मिळाला आणि अर्धी विंग उपाशीपोटी परीक्षेला गेली. त्यात मीही होतो. न्याय झाला म्हणायचा!

आता गॅरेजवाल्यानं ऑल्टरनेटर बदलायला सांगितलं होतं. काका पैशांची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात वर्कशॉपचे मामा मेसवर चहाला आले. मामांना आपण सगळे ओळखतो ते फाइलिंगच्या जॉबमुळे. पण कॉलेजात लागायच्या आधी त्यांनी बारा वर्षं गाड्यांचं वायरिंग केलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांनी मला विचारलं, “काय मोजलंस?”

“मामा, कंटिन्यूइटी बघितली. बीप येतो.”

“बीप येतो म्हणजे तार तुटलेली नाही, एवढंच. सकाळी सात वाजता बाथरूमच्या नळाला थेंब येतो, म्हणून पाणी आहे म्हणतोस काय? बादली लावून बघावं लागतं ना?”

मामांनी काकांच्या डिकीतून जंपर केबल काढली. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. “मारा आता सेल्फ.” व्हॅन पहिल्या झटक्याला सुरू झाली. केबल काढली, पुन्हा ‘टक्’. केबल लावली, सुरू. तीनदा करून दाखवलं. पाच मिनिटांचं काम. मी तिथेच उभा होतो, हातात मल्टिमीटर घेऊन.

नंतर मामांनी मशीन्स लॅबमधून डीसी क्लँप मीटर मागून आणला आणि माझ्याकडूनच सगळं मोजून घेतलं. ते आकडे मी वहीत लिहून ठेवलेत. सेल्फ मारताना प्रवाह १२० अँपिअर. त्या वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये ११.२ व्होल्ट. पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फपर्यंत ०.३ व्होल्टची घट. आणि इंजिनापासून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपर्यंत, म्हणजे ज्या रस्त्याला मी ‘शून्य ओहम’ म्हटलं होतं त्या रस्त्यावर, ३.६ व्होल्ट! सेल्फच्या वाट्याला उरले ७.३. बेरीज करून बघा, ११.२ बरोब्बर येते. किरचॉफनं १८४५ साली सांगितलेला नियम. आपण तो पहिल्या वर्षी पाठ करतो, त्यावर दहा मार्कांचं गणित सोडवतो आणि व्हॅनसमोर उभं राहिलो की विसरतो.

३.६ भागिले १२०, म्हणजे ०.०३ ओहम. माझ्या मीटरची नुसती टोकंच ०.३ ओहमची. त्याच्या दहाव्या भागाएवढा रेझिस्टन्स मी त्या मीटरनं शोधायला निघालो होतो. किराणा दुकानाच्या वजनकाट्यावर केसर तोलण्यातला प्रकार! आणि एवढासा रेझिस्टन्स काय करतो म्हणाल तर १२० अँपिअरला तिथे ४३२ वॉट उष्णता होते. आपण हॉस्टेलवर जी कॉइल वापरत नाही (रेक्टर सर, खरंच वापरत नाही), तिच्या जवळजवळ निम्मी. सेल्फ तीन-चारदा मारून झाल्यावर मामांनी मला तो बोल्ट दाखवून सांगितलं, “हात लाव.” चटका बसला.

दोष काय होता? गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला परतीची वेगळी वायर नसते. पॉझिटिव्ह वायर जाते, परत येताना प्रवाह गाडीच्या पत्र्यातून, म्हणजे बॉडीतून येतो. यालाच आपण बॉडी अर्थ म्हणतो. पण इंजिन आणि गिअरबॉक्स बॉडीवर थेट बसवलेले नसतात, मध्ये थरथर शोषायला रबरी माउंटिंग असतं. रबरातून प्रवाह जात नाही. म्हणून बॉडी आणि गिअरबॉक्स जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. क्लचप्लेट बदलताना गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यासाठी ती पट्टी सोडावी लागते. कुणीतरी ती सोडली आणि परत लावताना रंगावर, चिखलावर, गंजावर तशीच आवळली. वरून बघितलं तर बोल्ट घट्ट, पट्टी जागेवर. आत धातूला धातू टेकलाय फक्त दोन-चार ठिपक्यांवर. त्यात आपल्याकडची खारी हवा. तांब्याचा लग, लोखंडी पत्रा आणि मध्ये मिठाचा ओलावा, म्हणजे छोटासा सेलच तयार झाला. लोखंड गंजत जातं, ठिपके कमी होत जातात. म्हणून बिघाड सुट्टीनंतर लगेच दिसला नाही, तीन आठवड्यांनी दिसला.

आता मागे वळून बघितलं तर व्हॅन रोज पहाटे ओरडून सांगत होती, आम्हीच ऐकलं नाही. एक, सेल्फ बसला तरी हेडलाइट स्वच्छ जळत होते. बॅटरी मेलेली असती तर ते पण मंदावले असते. दिव्यांचा परतीचा रस्ता बॉडीतून सरळ बॅटरीला होता, तो ठीक होता. बिघाड होता तो फक्त इंजिनाच्या रस्त्यात. दोन, धक्क्यावर इंजिन लगेच सुरू व्हायचं. इग्निशनला थोडा प्रवाह पुरतो, तेवढा त्या दोन-चार ठिपक्यांतून जात होता. तीन, ऑल्टरनेटर इंजिनावर बसतो, म्हणजे चार्जिंगचा प्रवाहसुद्धा त्याच पट्टीतून फिरतो. ३० अँपिअर चार्जिंग आणि ०.०३ ओहम, म्हणजे ०.९ व्होल्ट वाटेतच खलास. ऑल्टरनेटरवर १४.१ व्होल्ट, बॅटरीवर पोहोचायचे १३.२. म्हणजे जुनी बॅटरी उतरली होती हे खरं, नवी पण हळूहळू उतरत होती हेही खरं. पण तो परिणाम होता, कारण नव्हे. बॅटरीवाला खोटं बोलला नाही. गॅरेजवाल्यालाही बॅटरीवर कमी व्होल्टेज दिसलं म्हणून तो ऑल्टरनेटर म्हणाला. प्रत्येकानं आपापल्या समोरचा भाग बघितला. सगळे भाग जिथून जोडलेले होते, तिथे कुणी बघितलं नाही.

दुरुस्ती अशी झाली. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढली. (काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट!) पट्टीचे दोन्ही बोल्ट सोडले. लग आणि पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केले, रंग आणि गंज पूर्ण काढला. स्टार वॉशर टाकून घट्ट आवळलं. आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं, पाणी आत जाऊ नये म्हणून. पुन्हा मोजलं. प्रवाह १६० अँपिअर, अर्थच्या रस्त्यावर घट ०.१६ व्होल्ट, सेल्फला १० च्या वर. खर्च एक पॉलिश पेपर, एक वॉशर आणि मामांचा चहा. चहाचे पैसे काकांनी घेतले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं की ही चूक एकट्या माझी नाही, आपल्या शिकण्याच्या पद्धतीची आहे.

आपण सर्किट काढतो तेव्हा अर्थ म्हणजे खाली काढलेल्या तीन आडव्या रेघा. त्या रेघांना रेझिस्टन्स नसतो, गंज नसतो, बोल्ट नसतो. लॅबमध्ये कनेक्शन करताना अर्थ ‘असतोच’. रीडिंग मागच्या बॅचच्या जर्नलमधून येतात आणि ओरलला ओहमचा नियम विचारला की आपण १८२७ सालासकट सांगतो. तीन वर्षांत एकदाही मी असं सर्किट हाताळलं नाही ज्यात सांधा खराब होता आणि तो शोधायचा होता. प्रत्येक प्रॅक्टिकल बरोबर चालतं, कारण ते बरोबर चालावं म्हणूनच मांडलेलं असतं. बाहेर मात्र सगळी कामं बिघडलेल्या वस्तूंचीच असतात.

आणि अर्थचा बिघाड हा बिघाडांमधला बहुरूपी आहे. तो स्वतःच्या रूपात कधीच येत नाही. व्हॅनमध्ये तो सेल्फचं सोंग घेऊन आला. आपल्याच एका सरांच्या जुन्या गाडीत ब्रेक दाबला की डॅशबोर्डमधले दिवे मंद लागायचे. सरांनी ब्रेकचा स्विच बदलला, काही फरक नाही. झालं होतं असं की मागच्या डाव्या दिव्याचा अर्थ सुटला होता. त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकची २१ वॉटची आणि टेल लॅम्पची ५ वॉटची, दोघांचा अर्थ एकच. ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेल्या प्रवाहाला घरी जायचा रस्ता बंद. मग तो उलटा ५ वॉटच्या फिलामेंटमधून टेल लॅम्पच्या वायरीत घुसला आणि तिथून उजवा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, डॅशबोर्डचे दिवे, जिथून मिळेल तिथून अर्थला गेला. एस.टी. बंद पडली की आपण नाही का टेंपो, ट्रक, मिळेल ते पकडून घरी पोचत? प्रवाह तसाच.

कधी तो आणखी वाईट रस्ता पकडतो. इंजिनाची पट्टी पूर्ण तुटली तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या लोखंडी केबलमधून परततो. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं आणि ती अडकायला लागते. मग मालक केबल बदलतो! हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर चढतो, तेव्हा इंजिन तापलेलं नसतं, डॅशबोर्डचा अर्थ कच्चा असतो. आणि हेडलाइटचा अर्थ कच्चा असेल तर? साध्या हॅलोजन बल्बचं व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर प्रकाश साधारण ३० टक्के कमी होतो. रात्री घाट उतरताना ३० टक्के प्रकाश म्हणजे काय, हे गाडी चालवणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हा प्रश्न फक्त अठराशे रुपयांचा नसतो.

यावर दोन आक्षेप मी कट्ट्यावर ऐकलेत. पहिला, “हे मेकॅनिकचं काम, आपण इंजिनिअर.” मित्रा, मेकॅनिकला पैसे मिळतात ते पार्ट बदलण्याचे. अर्धा तास शोधून पॉलिश पेपर मारला तर त्याला आपण किती देतो? वीस रुपये, तेही कुरकुरत. मग तो शोधायला वेळ का घालवेल? मोजण्याला आपण काम समजत नाही, म्हणून अंदाजानं पार्ट बदलले जातात. आणि हे ज्यांनी बदलायचं, ते आपण तर मोजणं आपल्याला खालचं काम वाटतं.

दुसरा आक्षेप, “आता सगळ्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे. स्कॅनर लावला की कळतं.” अर्धं खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ आलं, गाड्यांत सेन्सरांची गर्दी झाली. पण स्कॅनर सांगतो ते कॉम्प्युटरला काय दिसलं एवढंच. सेन्सर ० ते ५ व्होल्टच्या हिशोबात बोलतो. त्याच्या अर्थमध्येच अर्धा व्होल्ट अडकला तर आकडा चुकतो, कॉम्प्युटर तो चुकलेला आकडा खरा मानतो आणि स्कॅनर बिचाऱ्या सेन्सरवर बोट ठेवतो. मग चांगला सेन्सर बदलला जातो. म्हणजे जुन्या गाडीला जो अर्थ चालून जायचा, तो नव्या गाडीला चालत नाही. इलेक्ट्रिक गाड्यांचंही तेच. त्यांची मोठी बॅटरी बॉडीपासून वेगळी ठेवलेली असते, पण दिवे, हॉर्न, कॉम्प्युटर यांच्यासाठी १२ व्होल्टची यंत्रणा त्यांतही आहे आणि तिचा परतीचा रस्ता बॉडीतूनच जातो.

तर ज्यांना मनापासून करून बघायचंय, त्यांच्यासाठी मामांची पद्धत माझ्या शब्दांत देतो. मीटर ओहमवर नको, डीसी व्होल्टवर.

१) गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढा. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर. क्लँपवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटीवर, कारण खुंटी आणि क्लँप यांच्यातही बिघाड असू शकतो.

२) लाल टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. मित्राला पाच सेकंदांपेक्षा कमी सेल्फ मारायला सांगा. फॅन आणि पट्ट्यापासून हात, बाह्या, ओढणी दूर. ०.२ व्होल्टच्या आसपास आलं तर छान. ०.५ किंवा जास्त आलं तर अर्थ खराब.

३) मग लाल टोक एकेक पाऊल मागे आणा: गिअरबॉक्स, पट्टीचा लग, बोल्ट, बॉडीचा पत्रा, बॅटरीच्या केबलचा लग. दर वेळी सेल्फ मारा. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम पडतो, चोर तिथेच.

४) दिव्यासाठी हेच, फक्त सेल्फऐवजी दिवा लावायचा. बल्बच्या अर्थपासून निगेटिव्ह खुंटीपर्यंत ०.१ च्या आसपास ठीक.

५) पट्टा बसलाय म्हणून घाई असेल तर जंपर केबलनं समांतर रस्ता देऊन बघा. तब्येत सुधारली तर रोग कळला. पण ती केबल हा इलाज नव्हे. इलाज म्हणजे जुना सांधा उघडून घासणं.

६) बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बॅटरीजवळ ठिणगी आणि सिगरेट दोन्ही वर्ज्य.

७) मीटर अँपिअरवर टाकून सेल्फचा प्रवाह मोजायला जाऊ नका. मीटरही जाईल आणि मित्राचा विश्वासही. एअरबॅगच्या पिवळ्या जोड्यांना आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. तिथे शहाणपणा नको.

कुठे आधी बघायचं? गाडीवर शेवटचं काम जिथे झालं तिथे. क्लच, इंजिन, डेंटिंग-पेंटिंग. पेंटर अर्थच्या जागेवरही हौसेनं रंग मारतो आणि रंग म्हणजे इन्सुलेशन. “बिघाड कधीपासून?” या प्रश्नाआधी “त्याच्या आधी गाडीला काय केलं होतं?” हा प्रश्न विचारा. मी तो विचारला असता तर काकांनी दिवाळीतली क्लचप्लेट सांगितली असती आणि हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता शिक्षकवर्गाला एक नम्र विनंती. ऑटोमोबाइल विभागाच्या शेडमध्ये एक जुनी गाडी धूळ खात उभी आहे. तिला एक बॅटरी द्या आणि प्रत्येक बॅचच्या आधी मामांना तिच्यात एक बिघाड करून ठेवायला सांगा. एक बोल्ट रंगावर आवळा, एक पट्टी सैल ठेवा, एका दिव्याचा अर्थ काढा. आम्हाला सर्किट डायग्राम देऊ नका, रीडिंगचा तक्ताही देऊ नका. दोन तास द्या. मार्क बिघाड सापडला की नाही याला नकोत, प्रत्येक पावलाला काय मोजलं आणि त्यावरून काय ठरवलं याला द्या. जर्नल कॉपी करणं आपोआप बंद होईल, कारण मागच्या बॅचचा बिघाड वेगळा असेल! सिलॅबस भरगच्च आहे, मान्य. पण सिलॅबसमध्ये ओहम आणि किरचॉफ आहेतच. त्यांना फक्त फळ्यावरून खाली उतरवायचंय. आणि या प्रॅक्टिकलला शिकवायला मामांना बोलवा, पाने पुसायला नव्हे.

शेवटी काकांबद्दल. सगळा प्रकार कळल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि अठराशे रुपये पुढे केले. ते पैसे बघून हसले. म्हणाले, “अरे ठेव. बाकीच्यांनी न बघता सांगितलं, तू निदान बघून सांगितलंस.”

ते समजुतीनं बोलले, पण मला ते जास्त लागलं. कारण मी बघितलं नव्हतं. मी मीटरचा बीप ऐकला होता. मोजल्यासारखं करणं हे न मोजण्यापेक्षा वाईट. न मोजणाऱ्याच्या बोलण्यावर माणूस शंका घेतो, पण हातात मीटर असलेल्या इंजिनिअरवर विश्वास ठेवून खिशातून अठराशे रुपये काढतो.

त्या पैशांचा मी एक चांगला मीटर आणि जाड तारांची टोकं घेतली. ती आता मेसच्या काउंटरमागे, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली असतात. कुणाच्या गाडीचा सेल्फ ‘टक्’ करत असेल, दिवे मंद जळत असतील, तर रविवारी सकाळी नाश्त्यानंतर घेऊन या. शिकवणी फुकट. फक्त येताना एक प्रश्न सोडवून या: शेवटचं काम कधी झालं आणि कुठला बोल्ट उघडला होता?

काकांची व्हॅन अजून पहाटे पाचला निघते. आम्ही झोपलेले असतो.

— अंतिम वर्ष, विद्युत अभियांत्रिकी